करिंथकरांचं पत्र आणि येळवसची भज्जी

उदगीरला तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानाच्या पत्र्याखाली, डाव्या अंगाला, शमुवेल व्यंकटी यांचं टेबल असतं. सगळे त्यांना शमुवेलमामा म्हणतात. वय सदुसष्ट. चाळीस वर्षं झाली, लोकांचे अर्ज लिहून देतात. फेरफार, वारसा, रेशनकार्ड, निराधारांचं अनुदान. आता निम्मी कामं ऑनलाइन झाली, तरी ज्याचा अर्ज दोनदा फेटाळला गेला तो शेवटी मामांकडंच येतो.

कारण मामा आधी लिहीत नाहीत, आधी वाचतात. हातात आलेली नोटीस पहिल्या ओळीपासून खालच्या सहीपर्यंत वाचायची. कोणी काढली, कोणाच्या नावे, कोणत्या अर्जाच्या उत्तरात. समोरचा माणूस घाईला आलेला असतो. त्याला वाटतं, भाच्यानं पेनानं खूण करून दिलेली एक ओळ वाचली की झालं. मामा त्याला गप बसवतात. एकदा एक जण नोटिशीचं मागलं पान घरी विसरून आला, तर त्याला त्यांनी एसटीनं परत गावी धाडलं होतं.

मामा ख्रिस्ती आहेत. लहानपणी आई-बाप गेले, मिशनच्या वसतिगृहात वाढले, तिथंच अक्षर वळणदार झालं. गावातल्या चर्चमध्ये रविवारचं शास्त्रवाचन तीस वर्षं त्यांच्याकडंच होतं. मी त्यांच्या धर्माचा नाही. पण मामा चिडले की बोलतात, आणि गेलं वर्षभर ते चिडलेलेच आहेत, म्हणून मला हे सगळं ठाऊक.

सुरुवात २०२४ च्या नाताळानंतर झाली. त्या वर्षी येळवस तीस डिसेंबरला, सोमवारी आली होती. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या लातूर भागात त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही. सगळे रानात. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करायची, तिच्यात पाच पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, पूजा करायची, नैवेद्य दाखवायचा आणि मग आल्यागेल्या सगळ्यांना बसवून जेवू घालायचं. शेंगादाण्यांची आणि पालेभाज्यांची बेसन लावलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, ताकातली अंबील, गव्हाची खीर. ज्याला शेत नाही त्याला कोणी ना कोणी बोलावतंच. मामांना शेत नाही. त्यांना वीस वर्षं रेवणप्पा बोलवायचे. रेवणप्पा लिंगायत, किराणा दुकानदार, मामांच्या भिंतीला भिंत लागून घर. त्यांची बायको गुरम्मा आणि मामांची बायको चांगुणाबाई यांचं एकमेकींशिवाय पान हलत नव्हतं. नाताळाला इकडून करंज्या जायच्या, येळवसला तिकडून बैलगाडीत, पुढं टेम्पोत जागा धरली जायची.

चर्चमध्ये त्या साली पास्टर आशेर नवीन आले होते. वय तीसच्या आत, नांदेडला शिकलेले, आवाज मोठा, मनाचे स्वच्छ. येळवसच्या आदल्या दिवशी, रविवारी, त्यांनी उपदेशात बायबलमधल्या, करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायातलं एक वचन घेतलं. प्रभूच्या पंगतीत बसणाऱ्यानं भुतांच्या पंगतीत बसू नये, अशा अर्थाचं. मग ते सरळ म्हणाले की उद्या कोण कोण कोणाच्या शेतात जेवायला जातंय हे देव बघणार आहे.

मामांना राग आला तो उपदेश संपल्यावर नाही, मधेच. कारण त्याच अध्यायात, त्याच पानावर, दहा-बारा ओळी खाली, ते पत्र लिहिणाऱ्या पौलानं दुसरंच लिहिलेलं आहे. कोणी बाहेरच्यानं जेवायला बोलावलं आणि तुम्हाला जावंसं वाटलं तर जा, पुढ्यात येईल ते खा, विचारत बसू नका. मात्र कोणी स्वतःहून सांगितलं की हे देवाला वाहिलेलं आहे, तर सांगणाऱ्याच्या मनासाठी खाऊ नका. मामांना ते तोंडपाठ होतं. उपासना सुटल्यावर दारातच त्यांनी पास्टरांना गाठलं आणि खालच्या ओळी वाचायला लावल्या. पास्टरांनी वाचल्या. म्हणाले, हेही खरं आहे मामा, पण लोकांना दोन गोष्टी सांगितल्या की लोक सोयीची घेतात.

मामांचं म्हणणं असं की ती दोन वचनं नाहीतच, ते एक पत्र आहे. आठव्या अध्यायापासून दहाव्याच्या शेवटापर्यंत एकच विषय चाललाय. करिंथच्या लोकांनी पौलाला काहीतरी लिहून विचारलं होतं आणि हे त्याचं उत्तर आहे. त्यांचा मूळ अर्ज आपल्यापाशी नाही. उत्तरावरून प्रश्न ओळखायचा असतो, म्हणून तर सगळं वाचावं लागतं. पास्टर हसले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या माणसाकडं वळले. तो खांद्यावरचा हात मामांना फार लागला.

घरी आल्यावर चांगुणाबाई म्हणाल्या, त्या उद्या येणार नाहीत. मामांनी त्यांना तीन अध्याय वाचून दाखवले. त्यांनी भाकरी थापता थापता ऐकून घेतले आणि शेवटी म्हणाल्या, बरं, येते. मामांना वाटलं, पटलं.

सोमवारी शेतात बारा वाजेपर्यंत पूजा झाली. मामा आणि चांगुणाबाई नेहमीसारखे पूजेच्या वेळी लांब, विहिरीकडं बसले होते. हे वीस वर्षांचं ठरलेलं होतं. कोणी त्यांना कोपीकडं ओढायचं नाही आणि ते कोणाला काही म्हणायचे नाहीत. मग हाक आली. पत्रावळी मांडल्या. गुरम्मा स्वतः भज्जीचं भगुणं घेऊन वाढायला आल्या. मामांच्या पत्रावळीत वाढली, चांगुणाबाईंच्या पत्रावळीवर पळी धरली, आणि तेवढ्यात चांगुणाबाईंनी विचारलं, "गुरम्मा, ही निवदाची हाय का?"

गुरम्मांना प्रश्नच कळला नाही. वीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. त्या खरं तेच बोलल्या. "हाव की चांगुणाक्का. पांडवाला दाखवल्याबिगर कसं वाढंल?"

चांगुणाबाईंनी पत्रावळ दुमडली. गडबड केली नाही, आवाज चढवला नाही. म्हणाल्या, मला नको, आणि उठून विहिरीकडं गेल्या.

मामांची अवस्था काय झाली ते त्यांनी मला किती वेळा सांगितलंय. ज्या ओळींवर ते काल भांडले होते त्याच ओळींनी त्यांना धरलं. न विचारता खा, असं लिहिलंय. इथं तर विचारलं गेलं. कोणी सांगितलं तर खाऊ नका, असं लिहिलंय. इथं सांगितलं गेलं. शब्दाला शब्द लावला तर त्यांनीही उठायला हवं होतं. समोर गुरम्मा पळी घेऊन तशाच उभ्या. रेवणप्पा, त्यांची सून, नातवंडं, सगळे बघत राहिलेले. मामा म्हणतात, त्या वेळी मला पौल आठवला नाही, देवही आठवला नाही, फक्त गुरम्माचा हात दिसत होता. त्यांनी उंडा मोडला आणि खाल्लं. सगळं संपवलं, अंबीलही प्यायले. चव कळली नाही.

गुरम्मांनी त्या वर्षी घरी न्यायला डबा भरून दिला नाही.

ही गोष्ट चर्चमध्ये पोचायला आठवडाही लागला नाही. जानेवारीच्या पहिल्या रविवारी शास्त्रवाचनाला दुसरंच माणूस उभं राहिलं. पास्टर आशेरनी मामांना बाजूला घेऊन सांगितलं की काही दिवस विश्रांती घ्या, मंडळीच्या विश्वासाला ठेच नको. ठेच हा शब्दही त्याच पत्रातला. मामा तणतणत दुकानावर आले. त्यांनी दोन दिवस बसून फुलस्केपच्या अकरा पानांचं पत्र लिहिलं. मीच झेरॉक्स काढून दिली. त्यात मुद्दे नव्हते, विनंती नव्हती. फक्त तीन अध्याय ओळीओळीनं घेऊन, कोणती ओळ कोणाला उद्देशून असावी, याचा विचार होता. शेवटी स्वतःच्या विरुद्धही एक पान होतं. मी शेतात खाल्लं ते कदाचित पत्राप्रमाणं चूक असेल, असं त्यांनी लिहिलं होतं. आपण चुकलो हे मान्य करायला ते तयार होते, पण समोरच्यानं निदान सगळं वाचून चूक काढावी एवढंच त्यांचं मागणं.

पास्टरांनी ते पत्र फेब्रुवारीपर्यंत वाचलं नाही. मग एकदा रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले की मामा, तुम्ही कचेरीचा माणूस, देवाच्या वचनालाही जीआर समजता. वचन वाचायचं कमी आणि पाळायचं जास्त असतं. मामा मला म्हणाले, "जे वाचलंच न्हाई ते पाळायचं कसं? इथं एक माणूस नोटीस न वाचता सही करतो आणि घर गमावतो. तेच करायलेत हे."

घरी तर त्याहून वाईट. चांगुणाबाई आणि मामा एकमेकांशी गरजेपुरतं बोलायचे. गुरम्मा नळावर भेटल्या की चांगुणाबाई पाण्याचं, उन्हाचं बोलायच्या आणि घागर उचलायच्या. मामा रोज जेवताना विषय काढायचे. तू मुद्दाम विचारलंस, असं त्यांचं म्हणणं. विचारू नका असं स्पष्ट लिहिलेलं असताना, आदल्या दिवशी मी वाचून दाखवलेलं असताना, तू विचारलंस. चांगुणाबाई उत्तर द्यायच्या नाहीत. मामांना वाटायचं, हिला पास्टरनी भरवलंय. आता हिला पुन्हा समजावलं पाहिजे. आणि ते पुन्हा आठव्या अध्यायापासून सुरू करायचे.

मार्चमधल्या एका दुपारी, जेवण झाल्यावर, त्यांनी पुन्हा पुस्तक उघडलं तेव्हा चांगुणाबाईंनी ते त्यांच्या हातातून घेतलं, मिटलं आणि फळीवर ठेवलं. मग बोलल्या.

चांगुणाबाईंचं माहेर निलंग्याकडचं. त्यांचे वडील गावची हलगी वाजवायचे. घरातले सगळे ख्रिस्ती झाले तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या. त्याच्या आधी दर येळवसला त्यांचा बाप पोरं घेऊन मोठ्या वाड्यावरच्या शेतात जायचा. हलगी वाजवायची, पूजा व्हायची, पंगती उठायच्या. मग ह्या घरातल्या सगळ्यांना बांधावर बसवायचं आणि भगुण्यात उरलेली भज्जी वरून वाढायची, धोतराच्या सोग्यात, लुगड्याच्या पदरात. अंबील ओंजळीत. ओंजळीतून कोपरापर्यंत ओघळ यायचा आणि वाढणारी पोरं हसायची. बाप मात्र हात जोडून म्हणायचा, देवाचा निवद हाय, पोरांनो, नाव ठेवू नका.

"गुरम्मा तशी न्हाई," चांगुणाबाई म्हणाल्या. "तिनं मला कायम पंगतीत बसवलं, कायम ताटात वाढलं. पर भज्जीचा वास आला का मला बांध दिसतो. वीस वर्सं तुमच्यासाठी गेले. तुमाला सांगायचं कसं, तुमी तर वसतिगृहात टेबलावर जेवलाव. मग पास्टरनी ते वचन सांगितलं. मला म्हणायला कारण घावलं."

मग, मामा स्वतःच सांगतात, त्यांनी सगळ्यात मोठी चूक केली. ते म्हणाले, "पर चांगुणा, ते वचन ह्यासाठी न्हाई."

"मग कुणासाठी हाय?" चांगुणाबाई म्हणाल्या. "करिंथच्या लोकांचं कोण होतं, काय इचारलं होतं, समदं तुमी हुडकलं. मी काय इचारलं होतं ते कधी हुडकलं का?"

हे सांगताना मामा टेबलावरच्या स्टॅम्पपॅडचं झाकण उघडझाप करत होते. मी चहा मागवला. त्यांनी घेतला नाही. म्हणाले की ती म्हणते ते खरं आहे आणि पास्टर म्हणतो ते तरीही चूक आहे, आणि या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एका जागी बसत नाहीत. जो अर्थ पास्टरनी काढला तो पत्रात नाही. पण त्या खोट्या अर्थानं माझ्या बायकोला पन्नास वर्षांत पहिल्यांदा नको म्हणता आलं. आता तो अर्थ मी खोडू का ठेवू?

मी कागद मशीनमध्ये घालत राहिलो.

जूनमध्ये पास्टर आशेर यांची बदली झाली आणि देगलूरकडचे पास्टर मल्लेश आले. पन्नाशीचे, तेलुगू-मराठी मिसळ बोलणारे, हसतमुख. त्यांनी मामांना दुसऱ्याच रविवारी शास्त्रवाचन परत दिलं. मामांना बरं वाटलं, पण ते फार दिवस टिकलं नाही. २०२५ ची येळवस एकोणीस डिसेंबरला होती. तिच्या आधीच्या रविवारी पास्टर मल्लेश उपदेशात म्हणाले की येळवस ही आपल्या मातीची रीत आहे, शेजाऱ्यांनी बोलावलं तर आनंदानं जा, कारण पौल सांगतो, पुढ्यात येईल ते खा. तेवढंच वचन. त्याच्या वरची ओळ नाही, खालची नाही.

अर्थ मामांच्या बाजूचा होता. तरी ते घरी आले ते पाय आपटत. गेल्या वर्षी वरची ओळ कापून दिली, यंदा खालची. वाटेत चांगुणाबाईंनी विचारलं, "पुस्तक तेच हाय न्हवं? मग ह्यो पास्टर खरा का तो?" मामांनी सांगितलं, दोघांनीही पान पूर्ण वाचलेलं नाही. चांगुणाबाई म्हणाल्या, मग मी ज्याचं ऐकायचं त्याचं ऐकते. त्या येणार नव्हत्या, हे दोघांनाही ठाऊक होतं.

गुरुवारी रेवणप्पा मामांच्या टेबलापाशी आले. मी समोरच होतो. त्यांनी नेहमीसारखं आमंत्रण दिलं, पण उभ्याउभ्या. मामा म्हणाले, मी येतो, ती येणार नाही. रेवणप्पांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "शमुवेलराव, आमचं काही चुकलं का? गुरम्मा वर्सभर हेच इचारायली."

बांधाची गोष्ट चांगुणाबाईंची होती. ती सांगायची परवानगी त्यांना नव्हती. धर्माचं कारण सांगावं तर ते त्यांना स्वतःला पटलेलं नव्हतं, आणि रेवणप्पांच्या देवाला भुतांची पंगत म्हणणं त्यांच्या जिभेवर येत नव्हतं. शेवटी ते म्हणाले की तुमचं काही चुकलेलं नाही, तिची तब्येत बरी नसते. रेवणप्पांना ते खोटं कळलं. ते मान हलवून गेले. मामांनी त्या दिवशी एकही अर्ज लिहिला नाही.

शुक्रवारी ते एकटे जाऊन आले. गुरम्मांनी वाढलं, पण वाढताना भगुण्याकडंच बघत होत्या. घरी चांगुणाबाईंनी एवढंच विचारलं की खीर केली होती का.

त्यानंतर मामा पास्टर मल्लेशकडं गेले आणि हे सगळं, बांधाची गोष्ट सोडून, त्यांच्यासमोर मांडलं. पास्टर मनापासून ऐकणारे निघाले. त्यांनी बुधवारचा बायबल अभ्यास मामांकडं सोपवला. म्हणाले, तुम्हीच सगळ्यांना ते पत्र पूर्ण वाचून दाखवा. मामांनी माझ्याकडून तिन्ही अध्यायांच्या वीस प्रती काढून नेल्या.

पहिल्या बुधवारी अकरा माणसं आली. चांगुणाबाई बायकांच्या बाजूला भिंतीला टेकून बसल्या होत्या. मामांनी वाचायला सुरुवात केली. वाचायचं, थांबायचं, विचारायचं की हे कोण कोणाला म्हणतंय. अर्ध्या तासात आठवा अध्यायही संपला नाही. तेव्हा बसवंत नावाचा, रेल्वेत काम करणारा मंडळीतला एक जण उठून म्हणाला, "मामा, थोडक्यात सांगा की. खायचं का न्हाई खायचं?"

वर्षभरापूर्वी मामांनी त्याला उत्तर दिलं असतं. आता भिंतीला टेकलेल्या चांगुणाबाईंकडं बघून त्यांना ते देता येईना. ते म्हणाले, कोण वाढतंय, कोण खातंय आणि खाणाऱ्याच्या मागं काय घडलंय, हे कळल्याशिवाय मला सांगता येणार नाही. हे कोणालाच आवडलं नाही. बसवंत म्हणाला की मग पुस्तक कशाला आहे. एक बाई म्हणाल्या की पहिले पास्टर बरे होते, सरळ सांगायचे. पुढच्या बुधवारी चौघं आली. त्यांच्यात चांगुणाबाई नव्हत्या. विचारलं तर म्हणाल्या, माझी भाकर तुमचं पुस्तक वाचून होत न्हाई.

परवा मामा दुकानाच्या पायरीवर बसले होते. आठव्या अध्यायात एक शब्द अडलाय म्हणाले. पौल लिहितो, ज्याला कळतं त्यानं दुर्बळाचा विचार करून खाणं सोडावं. हा दुर्बळ कोण, असं त्यांनी पास्टर मल्लेशना विचारलं. पास्टर म्हणाले, तुमच्या घरात चांगुणाबाई, दुसरं कोण. मामा तिथून चहा न घेता उठून आले होते.

"पत्राप्रमाणं बसतंय ते," मामा म्हणाले. "ती खात न्हाई, मी खातो. मग दुर्बळ तीच झाली. पर तिला दुर्बळ म्हणायचं कसं? मी पंगतीतून उठू शकलो न्हाई. ती उठली."

त्यांनी खिशातून घडी घातलेली झेरॉक्स काढली. त्या शब्दाभोवती पेन्सिलीनं इतक्यांदा गोल केलेला होता की कागद तिथं फाटायला आला होता. दुसरी प्रत काढून देऊ का, मी विचारलं. नको म्हणाले. पाच बुधवार झाले, ते अजून आठव्या अध्यायातच आहेत, आणि येणारी माणसं आता तीन उरली आहेत.